सहा वर्षं बंद असलेला ॲम्प आणि रविवारची भेट

«माझं वय २४. अंबडला एका कारखान्यात नोकरी करतो. गंगापूर रोडला मित्राच्या गॅरेजमध्ये आमचा चौघांचा बँड सराव करतो. देवळाली कॅम्पात एक काका राहतात, ते पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पहिले कॉर्ड मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांच्याकडे रोलंडचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्या भावाने १९८४ च्या सुमारास जपानहून आणलेला. आता उचलवत नाही म्हणून विकायचाय, ३५ हजार म्हणतात. गेली सहा वर्षं तो बंद आहे. मागे १०० व्होल्ट लिहिलंय, पिन दोन चपट्या पात्यांची आहे. बँडमधला मित्र म्हणतो, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) नसेल तर घेऊच नको. बाबा म्हणतात, चाळीस वर्षांचं भंगार कशाला घरात आणतोस. काकांनी रविवारी बोलावलंय, ‘लावून दाखवतो’ म्हणाले. त्यांच्यासमोर मीटर काढून तपासणं मला उद्धटपणाचं वाटतं. काय करू?»
— गिटारवाला, इंदिरानगर, नाशिक

प्रिय मित्रा,

बाकीचं सगळं नंतर वाच. आधी काकांना फोन कर आणि सांग, ‘काका, मी येईपर्यंत ॲम्प चालू करू नका.’ तू येणार म्हणून ते शनिवारी संध्याकाळी त्यावरची धूळ पुसतील, आणि पुसून झाल्यावर एकदा लावून बघायचा मोह कुणालाही होईल. त्यात दोन धोके आहेत. सहा वर्षांत व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवला हे आठवलं नाही आणि कुणीतरी कन्व्हर्टर पिन लावून ॲम्प थेट भिंतीतल्या २३० व्होल्टवर जोडला, तर १०० व्होल्टच्या यंत्राला दुपटीहून जास्त दाब मिळेल. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आतलं बरंच काही जाईल. दुसरा धोका ट्रान्सफॉर्मर सापडला तरी राहतोच. पॉवर सप्लायमधले वीज साठवणारे मोठे फिल्टर कंडेन्सर इतकी वर्षं बंद राहिले की त्यांच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर कमजोर होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की त्यांतून नको तेवढा करंट वाहतो, ते तापतात, कधी फुटतात. तेच व्होल्टेज हळूहळू चढवलं तर तो थर बऱ्याचदा पुन्हा धरतो.

एकदम जास्त करंट वाहू न देणारं साधं साधन नाशिकमधल्या बहुतेक जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतं, ते म्हणजे सिरीज बोर्ड. एका लाकडी पाटीवर होल्डर आणि सॉकेट, होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, तारेचाच हवा. हा बोर्ड भिंतीच्या प्लगला लावायचा आणि त्यात स्टेप-डाउन, त्याच्यापुढे ॲम्प. चालू केल्यावर बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करायचं आणि त्या दिवशी पुढे जायचं नाही. मंद झाला तर तसाच दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचा, मग बल्ब काढून सरळ जोडायचं. म्हणून रविवारी एकटा जाऊ नकोस, असा एखादा कारागीर सोबत ने. मिरवणुकीच्या आणि मंडपाच्या साऊंडवाल्यांचे पॉवर ॲम्प दुरुस्त करणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. आउटपुट ट्रान्झिस्टर, हीट सिंक, मायकाच्या चकत्या हे त्यांचं रोजचं काम. गिटारच्या ॲम्पचं पॉवर सेक्शन त्यांना परकं वाटणार नाही.

तुझ्या मित्राच्या मताचंही उत्तर यातच आहे. व्हॉल्व्हचा आवाज मलाही फार आवडतो. पण व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये चारशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) खेळत असतो, व्हॉल्व्ह झिजतात, बदलायचे म्हटले तर ते बाहेरून मागवावे लागतात, आणि त्यावर निर्धास्तपणे हात टाकणारा माणूस इथे शोधावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पची बदनामी झाली ती १९६० च्या दशकातल्या पहिल्या पिढीमुळे. तेव्हाचे ट्रान्झिस्टर उष्णतेला नाजूक होते आणि आवाज वाढवला की कर्कश फाटायचे. फेंडरसारख्या कंपनीलासुद्धा तेव्हाची ट्रान्झिस्टर मालिका काही वर्षांत गुंडाळावी लागली. तुझ्या काकांकडचा ॲम्प त्या पिढीतला नाही. जेसी-१२० बाजारात आला १९७५ मध्ये, आणि तो आजही बनतो. जो फाटतच नाही असा स्वच्छ आवाज द्यायचा, याच हेतूने तो घडवलेला आहे. मेटॅलिका या बँडच्या जेम्स हेटफिल्डने स्वच्छ वाजवायच्या भागांसाठी तो वापरला. ब्लूज वाजवणारा बी. बी. किंग ज्या लॅब सिरीजच्या एल-५ ॲम्पसाठी ओळखला जायचा, तोही ट्रान्झिस्टरचाच. मित्राला हे सांगून भांडू नकोस. तुमच्या बँडला कोणता आवाज हवाय एवढंच त्याला विचार. ॲम्पच्याच पोटातून येणारा फाटका, भरलेला आवाज हवा असेल तर जेसी-१२० तुमच्यासाठी नाही. त्यावर डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फाडण्याचा, नॉब आहे, पण त्या नॉबसाठी हा ॲम्प कुणी घेत नाही. आवाज बदलणारं पायाचं पेडल पुढे लावून काम करणार असाल, तर इतका प्रामाणिक ॲम्प मिळणं कठीण.

याच्या रचनेतली एक गोष्ट कळली की तपासणी सोपी होते. आत साठ-साठ वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा बारा इंची स्पीकर. कोरस लावला की एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित उशिरा पोचणारा आणि सूर हलत राहणारा. दोन्ही आवाज तारेत मिसळत नाहीत, खोलीतल्या हवेत मिसळतात, आणि जेसीचा कोरस अंगावर येतो तो त्यामुळेच. म्हणून कोरस बंद ठेवून आधी एका स्पीकरपाशी कान ने, मग दुसऱ्यापाशी. दोन्ही सारखे बोलले पाहिजेत. एक दबलेला वाटला तर दोष त्याच्या पॉवर ॲम्पमध्ये आहे की स्पीकरमध्ये, हे वायरी आलटून पालटून जोडल्या की कळतं. मग कोरस लाव. फरक एका बाजूला स्पष्ट ऐकू यायला हवा. काहीच फरक नसेल, किंवा नुसती सळसळ आणि टकटक येत असेल, तर ती काळजीची गोष्ट. कोरससाठी वापरलेल्या त्या काळातल्या डिले आयसी (आवाज उशिरा पोचवणाऱ्या चिप) मूळ जपानी कंपनीने बनवणं कधीच थांबवलंय. ट्रान्झिस्टर कुठेही मिळेल, ही आयसी शोधावी लागेल, आणि बाजारात फिरणाऱ्यांत नकली खूप.

आता मी जिथे चुकलो ते सांगतो, कारण तू तिथेच चुकशील अशी भीती वाटते. तुझ्याच वयाचा असताना मी एका दुकानातून जुना ट्रान्झिस्टर ॲम्प घेतला. दुकानात दहा मिनिटं वाजवला, सुंदर वाटला, पैसे दिले. घरी वाजवताना पाऊण तासाने आतून एक जाड ‘धप्’ आवाज आला, स्पीकरचा कोन पुढे सरकून तिथेच अडकला आणि खोलीभर जळका वास पसरला. आउटपुट ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला होता, आणि सप्लायचा अख्खा डीसी स्पीकरच्या कॉइलमध्ये गेला होता. उघडल्यावर दिसलं की आधी कुणीतरी जोडीतला एकच ट्रान्झिस्टर बदलला होता, तोही नकली, वर मोठ्या कंपनीचं नाव छापलेला. कित्येक महिने साठवलेले पैसे त्यात गेले होते. गार ॲम्प दहा मिनिटं ऐकला तर कळत काहीच नाही. तो तापल्यावर कसा वागतो हे बघायचं असतं, आणि त्यासाठी किमान तासभर हवा. काकांकडे तासभर बस. चहा होईल, जुन्या कार्यक्रमांच्या गोष्टी निघतील, आणि ॲम्प चालूच राहील.

त्या तासाआधी कारागिराला मागची फळी उघडू दे. जळल्याचा वास, फुगलेल्या टोप्यांचे कंडेन्सर, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळं चमकणारं ताजं सोल्डर बघायचं. ताजं सोल्डर दिसलं तर तिथे हात लागलाय. काय बदललं होतं ते काकांना विचार, त्यांना आठवेल. फ्यूज बाहेर काढून बघ. त्याला चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर कधीतरी तो वारंवार उडत होता, आणि कारण न शोधता कुणीतरी तात्पुरता इलाज केला होता. मग स्पीकरच्या वायरी सोडवून ॲम्प पूर्ण व्होल्टेजवर चालू करायचा आणि त्या वायरींवर मल्टिमीटरने डीसी मोजायचा. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय चालवणं घातक असतं, ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला ते चालतं. मीटरवर पाच-पंधरा मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम, पन्नासपर्यंत काळजी नको. आकडा व्होल्टमध्ये दिसला तर स्पीकर अजिबात जोडू नका. ही एक मोजणी मी केली असती तर माझा स्पीकर वाचला असता असं नाही म्हणत, कारण तो दोष तापल्यावर आला. म्हणून तासाभराने, ॲम्प गरम असताना, तीच मोजणी पुन्हा करायची. दुसरी मोजणी पहिलीपेक्षा महत्त्वाची.

स्पीकर मीटरवर ओहममध्येही तपासा. ज्यावर आठ ओहम लिहिलंय तो मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं पसरून सारख्या दाबाने तो अगदी हलका आत ढकलायचा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय.

हमबद्दल, म्हणजे ॲम्पमधून सतत येणाऱ्या घुमघुमीबद्दल, लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच जाड घुमघुम येत असेल, तर फिल्टर कंडेन्सर वाळलेत असं धरून चाल. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती घुमघुम १०० हर्ट्झची असते. गिटार जोडल्यावर गुणगुण येते आणि तारांना हात लावला की कमी होते, तर तो कंडेन्सरचा दोष नाही. ते गिटारच्या शिल्डिंगचं किंवा अर्थिंगचं लक्षण. नॉब फिरवताना होणारा खरखराट सहा वर्षांच्या धुळीचा असतो, काँटॅक्ट क्लीनर मारून पंचवीस वेळा फिरवला की बहुतेक जातो. पेन्सिलच्या मागच्या टोकाने सर्किट बोर्डवर हलकं ठोकत जा. एखाद्या जागी आवाज तुटला किंवा कडकडला तर तिथे ड्राय सोल्डर (सैल पडलेला जोड) आहे, अर्ध्या तासाचं काम. यांपैकी कशासाठीही सौदा मोडू नकोस, फक्त किमतीत धर.

विजेचं थोडं सविस्तर सांगतो. स्टेप-डाउन नवाच घ्यावा लागणार असेल तर दुकानदार ११० व्होल्टचा पुढे करेल, कारण तोच पटकन मिळतो. तुझा ॲम्प १०० चा आहे. ११० वर तो चालेल, पण आतला प्रत्येक सप्लाय दहा टक्के वर राहील, आणि चाळीस वर्षांच्या कंडेन्सरना तो दहा टक्के भार जाणवतो. महावितरणची लाइन रात्री चढली तर आणखी थोडा. सातपूर-अंबडला तुझं रोजचं जाणं-येणं आहे, तिथे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत. २३० ते १०० चा करून घे. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याच्या दुप्पट क्षमतेचा सांग. जपानी ॲम्पचा एक फायदाही आहे. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आहे आणि पश्चिम भागात ६० ची, त्यामुळे तिथली यंत्रं सहसा दोन्हींसाठी बनतात. पट्टीवर ५०/६० लिहिलेलं बघून खात्री कर. हाच ॲम्प अमेरिकेतून आलेला, फक्त ६० हर्ट्झचा असता, तर ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापला असता, आणि मी तुला वेगळा सल्ला दिला असता.

आणि अर्थिंग. यावर मी हट्ट धरणार आहे. पिन दोन पात्यांची आहे, म्हणजे या ॲम्पच्या पत्र्याला अर्थ जोडलेला नाही. गिटारच्या तारा त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात. तू गाताना ओठ माइकला लावतोस, आणि माइक दुसऱ्या, अर्थ असलेल्या मिक्सरला जोडलेला असतो. एका बाजूला थोडी जरी गळती असेल तर ती तुझ्या हातातून ओठांपर्यंत जाते. गॅरेजमध्ये झिणझिण्या येतील. गणपतीच्या दिवसांत ओल्या मंडपात, जनरेटरवर, याने जीव जाऊ शकतो. म्हणून कारागिराकडून तीन तारांची नवी केबल बसवून पत्र्याला पक्का अर्थ जोडून घे. पण बाजारातल्या बऱ्याच स्टेप-डाउनच्या आउटपुटला दोनच भोकं असतात, म्हणजे केबल बदलूनही अर्थ मध्येच तुटतो. अर्थ भिंतीपासून ॲम्पच्या पत्र्यापर्यंत सलग आहे का, हे मीटरने बघितल्याशिवाय पहिला सूर वाजवू नकोस. मित्राच्या गॅरेजमधल्या प्लगला खरोखर अर्थ आहे का, हेही याच निमित्ताने तपासून घ्या.

बाबांच्या शब्दांत काळजी आहे, ती तशीच समजून घे. त्यांना पैशांची काळजी असेल, आणि कदाचित आवाजाचीही. हा ॲम्प जवळपास २८ किलोचा आहे आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्याचा नॉब दोनच्या पुढे नेता येणार नाही. तो गॅरेजमध्येच राहणार असेल आणि महिन्यातून एखादा कार्यक्रम असेल, तर घ्यावा. मुख्यतः घरी वाजवणार असशील तर मी नको म्हणेन, त्याच रोलंडचा लहान क्यूब किंवा जेसी-२२ तुला जास्त सुख देईल. कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात ॲम्पला माइक लागतोच, तिथे वॅटवर काही अडत नाही. आणि देवळालीहून आणताना दुचाकीवर आणायचा विचारही करू नकोस. छोटी गाडी कर, स्पीकरची बाजू वर येऊ देऊ नकोस, खाली गादी टाक.

किमतीबद्दल. ३५ हजार जास्त की कमी, हे उघडल्यावरच कळेल. मी तुझ्या जागी असतो तर रविवारी दोन हजार विसार दिला असता आणि काकांना सरळ सांगितलं असतं की कारागीर जेवढं काम काढेल तेवढे कमी करून बाकीचे देतो. स्टेप-डाउन, केबल, फिल्टर कंडेन्सर आणि सफाई ही चार कामं निघतीलच असं धरून चाल आणि कारागिराकडून आकडा लिहून घे. कोरस चालत नसेल तर मात्र मोठी रक्कम कमी व्हायला हवी. ॲम्प गरम झाल्यावर आउटपुटवरचा डीसीचा आकडा हलत असेल, तर दुरुस्त होऊन पुन्हा तासभर ऐकेपर्यंत सौदा थांबव. उलट सगळं नीट निघालं तर एक रुपयाही पाडून मागू नकोस. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एखादी जुनी वस्तू उचलली तर ती कुठून कशी आली हे कुणाला विचारणार? इथे चाळीस वर्षं एकाच माणसाच्या हातात राहिलेला ॲम्प आहे आणि तो माणूस तुझ्यासमोर बसून सगळं सांगणार आहे. त्या माहितीचीही किंमत असते.

उद्धटपणाचं म्हणशील, तर काकांना तू समजतोस त्याहून जास्त कळतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गिटारी हातात घेतल्यावर आधी मान डोळ्यांसमोर धरून वाक बघितला असेल, बाराव्या फ्रेटवर सूर तपासला असेल. फोनवर ॲम्प लावू नका म्हणताना हेही सांग, ‘काका, इतकी वर्षं बंद आहे, जळायला नको म्हणून एका कारागिराला घेऊन येतो.’ ते खरंच आहे, आणि त्यांना वाईट वाटण्याऐवजी बरं वाटेल, कारण तू तो ॲम्प सांभाळणार आहेस हे त्यांना त्यातून कळेल.

ॲम्प सुरक्षित चालू झाला की गिटार आधी त्यांच्या हातात दे. त्यांची बोटं आता कशीही चालत असोत, ट्रेबल कुठे ठेवायचा, ब्राइटचं बटण कधी लावायचं, रिव्हर्ब किती, कोरस कधी लावायचा, हे त्या हातांना पाठ असेल. तो तास त्यांना वाजवू दे, आणि त्यांनी नॉब ज्या जागी ठेवले त्याचा फोटो काढून ठेव.